इन्फ्ल्युएंझाचें माहेर

पावसाळा सुरू झाला, कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सर्दीतापाच्या तक्रारी वाढूं लागतात, हा नेहमींचा अनुभव आहे. यंदां आलेल्या पत्रांपैकीं एका पत्रानें मात्र आमचें लक्ष विशेष वेधून घेतलें. अंबरनाथजवळच्या मोरिवली येथील एका एकत्र कुटुंबांतील भगिनींनीं तें लिहिलें आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. सोमवारीं मोठ्या जावेच्या सात वर्षांच्या मुलास शिंका येऊं लागल्या. पण अंगांत ताप नव्हता, म्हणून त्यास शाळेंत पाठविलें. बुधवारीं सायंकाळीं मुंबईस नोकरीला जाणारे मधले दीर हुडहुडी भरून घरीं परतले. गुरुवारीं सासूबाईंनीं अंथरूण धरलें. शनिवारीं भांडीं घासणारी बाई तापामुळें आली नाहीं. पुढच्या आठवड्यांत आणखी चौघें आजारी पडलीं, आणि सासूबाईंचें दुखणें छातींत उतरून त्यांस आठ दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्या आतां सुखरूप घरीं आल्या आहेत. परंतु या दुखण्याचा उगम कोठें, यावर घरांत दोन तट पडले. एका पक्षाच्या मतें रोग भांडीवाल्या बाईनें आणला; दुसऱ्याच्या मतें जुन्या गांवांतील कोंबड्यांनीं. बाईस कामावरून कमी करण्यांत आलें असून, ‘आम्हीं केलें तें योग्य झालें काय?’ असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

वरवर पाहतां हा प्रश्न एका घरापुरता दिसतो. परंतु त्याचें उत्तर हातीं येण्यास वैद्यकशास्त्राला फार वर्षें झटावें लागलें आहे. सांथीचा रोग म्हटला, कीं दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली, रोगबीज एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत नेणारा वाहक कोण. आणि दुसरी, सांथ ओसरल्यावर तें रोगबीज मुक्कामास कोठें जातें. वाहक हा रोगाचा वाटाड्या. मुक्कामाची जागा हें रोगाचें माहेर. या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे निरपराध्यास शिक्षा होते आणि खरा मार्ग मोकळाच राहतो.

आरोपीचा शोध

‘इन्फ्ल्युएंझा’ हा शब्द इटालियन भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘प्रभाव’ असा आहे. ग्रहताऱ्यांच्या प्रभावानें हा ज्वर पसरतो, अशी तिकडील जुनी समजूत होती. आपल्याकडेही अशा आपत्तीचा भार ग्रहांवर टाकण्याची चाल होतीच. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्राचा काळ आला, आणि १८९२ सालीं जर्मनींतील फायफर या शास्त्रज्ञानें रोग्यांच्या थुंकींत सांपडणाऱ्या एका जंतूवर हा आरोप ठेविला. तो आरोपही कालांतरानें खोटा ठरला. अमेरिकेंतील रिचर्ड शोप यांनीं १९३१ सालीं असें दाखविलें, कीं डुकरांना होणाऱ्या अशाच ज्वराच्या मुळाशीं अतिसूक्ष्म गाळणींतूनही पार होणारा विषाणु असतो. आणि १९३३ सालीं लंडन येथें विल्सन स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनीं मनुष्याच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणु वेगळा केला. त्या कामीं त्यांनीं फेरेट नांवाचा, साधारण मुंगसासारखा दिसणारा प्राणी उपयोगांत आणला होता. पुढें एकदां त्या प्रयोगशाळेंतील एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला. संशोधकास लवकरच ताप भरला, आणि त्याच्या घशांतून तोच विषाणु पुन्हां हातीं लागला. शेंकडों पानांच्या युक्तिवादानें जें पटलें नसतें, तें एका शिंकेनें पटविलें.

या विषाणूच्या मुख्य जाती चार. त्यांपैकीं मनुष्यांत सांथी उठविणाऱ्या दोन, ‘ए’ आणि ‘बी’. या दोघांचीं माहेरें निराळीं आहेत, आणि या निराळेपणांतच पुढची सारी कथा सांठविलेली आहे.

वाटाड्या कोण?

वाहक हा शब्द निघाला, कीं सुशिक्षित वाचकांस न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची आठवण होते. तिला स्वतःला कांहीं होत नसे. पण तिच्या पोटांत विषमज्वराचे जंतु कायम वस्तीस होते, आणि ती ज्या घरीं रांधी तेथें लोक आजारी पडत. त्या बिचारीस आयुष्याचीं पंचवीसांहून अधिक वर्षें सक्तीच्या एकान्तवासांत काढावीं लागलीं. आपल्या मनांत वाहकाची जी मूर्ति ठसलेली असते ती ही अशी : कोणी एक विशिष्ट, बहुधा गरीब, बहुधा दुसऱ्याच्या घरीं राबणारी व्यक्ति.

इन्फ्ल्युएंझाच्या बाबतींत ही मूर्ति पार चुकीची आहे. या रोगाचा असा कायमचा वाहक नसतो. निरोगी शरीर हा विषाणु साधारण आठवड्याभरांत हांकलून देतें. परंतु तेवढ्या आठवड्यांत तो मनुष्य खरोखरीच वाहक असतो. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, कीं दुखण्याचें पहिलें लक्षण दिसण्यापूर्वींच सुमारें एक दिवस त्याच्या नाकाघशांतून विषाणु बाहेर पडूं लागलेला असतो. आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत हें प्रमाण सर्वांत अधिक असतें. लहान मुलें व अशक्त प्रकृतीचीं माणसें याहूनही अधिक दिवस विषाणु बाहेर टाकीत राहतात. कित्येकांस तर ताप येतच नाहीं. दोन शिंका, थोडा घसा खवखवणें, एवढ्यावर भागतें, आणि कांहींस तेवढेंही होत नाहीं. म्हणजे येथें वाहक हा कोणी एक इसम नसून, तो चार दिवसांचा एक फेरा आहे. तो आज तुमच्याकडे, उद्यां आमच्याकडे.

विषाणूचा प्रवास मुख्यतः खोकला, शिंक आणि बोलणें यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे होतो. खिडक्या लावलेल्या खोलींत हे तुषार बराच वेळ तरंगत राहतात. हात, रुमाल, दाराच्या कड्या यांच्या मार्फतही तो जातो, पण मुख्य वाट हवेची. शरीरांत शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस, बहुधा दोन दिवस लागतात.

आतां मोरिवलीच्या घरांतील वार या मापानें मोजून पाहूं. बाई शनिवारीं आजारी पडली. तेव्हां तिला बीज लागलें तें मंगळवार ते शुक्रवार या दिवसांत. आणि त्या दिवसांत ती ज्या घरीं दोन वेळां वावरत होती, तेथें एक शिंकणारा मुलगा, एक तापलेला गृहस्थ आणि अंथरुणास खिळलेल्या आजीबाई होत्या. उलट पक्षीं, सोमवारीं शिंकूं लागलेल्या मुलास शनिवारीं पडलेल्या बाईनें रोग दिला असें म्हणावयाचें, तर काळास उलटें वाहावें लागेल. मुलास तो शाळेंत मिळाला असेल. दिरांना तो मुलापासून लागला असेल, अथवा अंबरनाथहून सकाळीं निघणाऱ्या खचाखच भरलेल्या लोकल गाडींत लागला असेल. जेथें चार माणसांच्या जागेंत दहा माणसें तासदीड तास एकमेकांचा श्वास घेत उभीं असतात, तेथें कोणाचें नांव घ्यावयाचें? तें घेणें शक्यही नाहीं व जरूरही नाहीं. मात्र एवढें निश्चित, कीं बाईनें तुमच्या घरीं रोग आणला नाहीं. तुमच्याच घरानें तो तिला दिला असण्याचा संभव फार मोठा आहे.

घरांत शिरणारें दुखणें मागच्या दारानेंच येतें, अशी आपली एक पिढीजाद समजूत आहे. वस्तुतः तें पुष्कळदां पुढच्या दारानें, दप्तर किंवा डबा घेऊन येतें, आणि आपण त्यास ‘दमलास काय?’ म्हणून जवळ बसवून घेतों. सोवळ्याओवळ्याच्या जुन्या नियमांत हातपाय धुणें, परगांवचे कपडे बदलणें, उष्टें वेगळें ठेवणें अशा कांहीं आरोग्याच्या गोष्टी होत्या, हें आम्ही मान्य करतों. पण त्या नियमांचें टोंक नेहमीं बाहेरच्या माणसाकडे वळलेलें असे. विषाणूस हा भेद ठाऊक नाहीं.

१९१८ चा धडा

वाटाड्यांचें सामर्थ्य किती भयंकर असूं शकतें, हें आपल्या प्रांतानें शतकापूर्वीं पाहिलें आहे. पहिलें महायुद्ध संपत आलें होतें, आणि युद्धक्षेत्रांतून येणारीं जहाजें मुंबई बंदरास लागत होतीं. १९१८ च्या जूनमध्यें गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई एका अनोळखी तापानें रुग्णालयांत दाखल झाले. पाठोपाठ गोदी कामगार, जहाज कंपन्यांचे नोकर, गिरण्या, अशी पायरीपायरीनें सांथ शहरभर पसरली. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्यें दुसरी आली ती मात्र काळरूपच होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

मुंबईंतून निघालेला विषाणु पायीं गेला नाहीं. तो आगगाडीनें गेला. कल्याण जंक्शनपाशीं जे दोन लोहमार्ग फुटतात, त्यांतील एक कसारा घाट चढून नाशिककडे व पुढें उत्तर हिंदुस्थानांत जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करीत बोरघाटानें पुण्याकडे व दक्षिणेकडे जातो. सुटीवर निघालेला शिपाई, भयानें गांवीं परतणारा गिरणीकामगार, नातलगाच्या समाचारास निघालेला गृहस्थ, हे सर्व त्या गाड्यांत होते. आणि त्यांतील कित्येकांस आपण कांहीं नेत आहों याची कल्पनाही नव्हती. त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, शरीरें खंगलेलीं. सरकारचा पहिला अंदाज देशभरांत सुमारें ६० लाख मृत्यूंचा होता. पुढील अभ्यासकांनीं तो १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. १९२१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली. असें दुसऱ्या कोणत्याही दशकांत घडलेलें नाहीं.

या आंकड्यांतील एक गोष्ट आमच्या भगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. आपल्या देशांत त्या सांथींत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक मेल्या. घरांतील एकूणएक आजाऱ्यांची उशाशीं बसून शुश्रूषा करणारी तीच, सर्वांच्या मागून उरलेलें खाणारी तीच, आणि स्वतः तापली असतांही चुलीपुढें उभी राहणारी तीच. रोगाचा फेरा शेवटीं जिच्यापाशीं येऊन थांबे, तिची शुश्रूषा करण्यास मग घरांत कोणी उभें नसे.

माहेर कोठें?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. सांथ ओसरल्यावर विषाणु जातो कोठें? ‘बी’ जातीचें उत्तर सोपें आहे : तो मनुष्यांतच राहतो. एका देशांतून दुसऱ्या देशांत, एका ऋतूंतून दुसऱ्या ऋतूंत, त्याची साखळी अखंड चालूं राहते. मनुष्य हाच त्याचा वाटाड्या आणि मनुष्य हेंच त्याचें माहेर. म्हणून ही साखळी तुटली, तर त्यास आसरा उरत नाहीं. याचा अलीकडचा पुरावा मोठा बोलका आहे. ‘बी’ विषाणूचीं यामागाता व व्हिक्टोरिया अशीं दोन घराणीं जगांत नांदत होतीं. २०२० सालीं कोविडच्या भयानें साऱ्या जगानें दारें लावून घेतलीं, मुखपट्ट्या बांधल्या, शाळा बंद ठेवल्या. आणि त्या मार्च महिन्यानंतर यामागाता घराण्याचा विषाणु खात्रीनें कोठेंही आढळलेला नाहीं. एक संपूर्ण वंश केवळ माणसें एकमेकांपासून दूर राहिल्यानें नाहींसा व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

‘ए’ जातीचें मात्र तसें नाहीं. तिचें मूळ माहेर पाणथळ पक्ष्यांत आहे. रानबदकें, हंस, कुरव व किनाऱ्यावरचे चिखलपक्षी यांच्या आंतड्यांत हा विषाणु फार प्राचीन काळापासून वस्ती करून आहे. बहुतेक वेळां त्या पक्ष्यांस त्यापासून कांहीं इजा होत नाहीं. विष्ठेवाटे तो तळ्यांत उतरतो, थंड पाण्यांत कित्येक आठवडे जिवंत राहतो, आणि तेंच पाणी पिणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या पोटांत जातो. दर हिंवाळ्यांत थापट्या, तलवार बदक इत्यादि पाहुणे उत्तरेकडून आपल्या तलावांवर व खाड्यांवर उतरतात. २०२२ सालीं रामसर यादींत समाविष्ट झालेली ठाण्याची खाडी अशा पाहुण्यांसाठींच प्रसिद्ध आहे. हे पक्षी आले म्हणजे रोग आला, असें मात्र समजूं नये. रानांतील पक्षी बीज आणतो. पण तें एका खुराड्यांतून दुसऱ्या खुराड्यांत नेण्याचें काम पुष्कळदां मनुष्यच करतो. तेथें पिंजरे, गाड्या, बाजार व चिखलाचे जोडे हेच वाटाडे होतात.

पक्ष्यांचा विषाणु मनुष्यांस सहसा कां लागत नाहीं, याचें कारण कुलूपकिल्लीच्या दृष्टांतानें समजेल. विषाणूच्या अंगावर दोन प्रकारच्या कांट्यांची दाटी असते. त्यांतील ‘एच’ नांवाचा कांटा पेशींत शिरण्याची किल्ली, आणि ‘एन’ नांवाचा कांटा बाहेर पडण्याची कातर. पक्ष्यांत ‘एच’चे निदान सोळा व ‘एन’चे नऊ प्रकार आढळतात, एच५एन१, एच९एन२ इत्यादि नांवें त्यांवरूनच पडलीं आहेत. पक्ष्यांच्या आंतड्यांतील कुलूप एका घडणीचें, मनुष्याच्या नाकाघशांतील दुसऱ्या घडणीचें. मनुष्याच्या फुप्फुसांत अगदीं खोलवर मात्र पक्ष्यांच्या घडणीचीं कुलुपें आहेत. म्हणून पक्ष्यांचा रोग मनुष्यास क्वचित् लागला तर तो एकदम छातींत उतरतो, पण खोकल्याशिंकेनें पुढें सहजासहजीं पसरत नाहीं.

डुकराच्या श्वासमार्गांत हीं दोन्हीं कुलुपें असतात, आणि येथेंच मोठा धोका आहे. विषाणूची जीवनसामग्री आठ सुट्या तुकड्यांत विभागलेली असते. पक्ष्यांचा व मनुष्यांचा असे दोन विषाणु एकाच वेळीं एका डुकराच्या शरीरांत शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावे तसे हे तुकडे मिसळून अगदींच नवा डाव तयार होऊं शकतो. जगभर पसरलेल्या १९५७ च्या सांथीच्या विषाणूंत तीन तुकडे व १९६८ च्या विषाणूंत दोन तुकडे पक्ष्यांकडून आलेले होते. ती सरमिसळ नेमकी कोणाच्या शरीरांत घडली हें निराळें. पण २००९ चा विषाणु मात्र डुकरांच्या कळपांत घडलेला होता, हें त्याच्या आठही तुकड्यांवरून सिद्ध झालें आहे.

नांवाचा घोटाळा

२००९ ची ती सांथ आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. ३ ऑगस्ट रोजीं पुण्यांत एका चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा अंत झाला. या सांथींतील भारतांतला तो पहिला मृत्यु. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढें रांगा लागल्या, आणि १९५२ सालीं स्थापन झालेली पुण्याची विषाणु-संशोधन संस्था रात्रंदिवस नमुने तपासूं लागली. रोगाचें नांव ‘स्वाइन फ्लू’ पडल्यामुळें सर्वांची दृष्टि डुकरांकडे वळली. वास्तविक पुण्यांत तो मनुष्याकडून मनुष्यास लागत होता; डुकरांचा तेथें कांहीं संबंध उरला नव्हता. ईजिप्तमध्यें तर त्या वर्षीं सरकारनें देशांतील यच्चयावत् डुकरें मारून टाकण्याचा हुकूम काढला. सांथ थांबली नाहींच. मात्र कैरो शहराचा कचरा वेंचून त्यावर तीं डुकरें पोसणाऱ्या गरीब लोकांची उपजीविका बुडाली, आणि रस्त्यांत कुजक्या कचऱ्याचे ढीग सांचले. माहेर व वाटाडा यांची गल्लत झाली म्हणजे काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. मोरिवलीच्या घरांत लहान प्रमाणावर हेंच घडलें आहे.

कोंबड्यांचा जबाब

गांवांतल्या कोंबड्यांकडेही संशयानें पाहिलें गेलें आहे, तेव्हां त्यांचाही जबाब घेतला पाहिजे. महाराष्ट्रांत कोंबड्यांवर हें संकट प्रथम २००६ च्या फेब्रुवारींत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आलें. भोपाळच्या प्रयोगशाळेनें एच५एन१ हा विषाणु ओळखला, आणि लाखों पक्षी नष्ट करावे लागले. पुढें २०२१ च्या जानेवारींत परभणीजवळच्या मुरुंबा गांवीं सुमारें ८०० कोंबड्या मेल्या. २०२२ च्या फेब्रुवारींत तर आमच्या ठाणे जिल्ह्यांतच, शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें तो आला. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील प्राणिसंग्रहांत तीन वाघ व एक बिबट्या याच रोगानें मेले, आणि २०२५ च्या आरंभीं उदगीर येथें कावळे पटापट गळून पडले.

हे सर्व खरें. तथापि कोंबड्यांत जेव्हां हा उग्र विषाणु शिरतो, तेव्हां तो लपून राहत नाहीं; दोन दिवसांत खुराडीं ओस पडतात. मोरिवलीच्या गांवांत तसें कांहीं घडल्याचें पत्रांत नाहीं. शिवाय पक्ष्यांपासून रोग लागतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्यास. कोंबडीचें तोंड न पाहिलेल्या घरांत तो दोन आठवड्यांत आठ माणसांस लागत नाहीं. एका माणसाकडून दुसऱ्याकडे इतक्या झपाट्यानें गेला, हाच तो मनुष्यांचा नेहमींचा पावसाळी फ्लू असल्याचा पुरावा. तेव्हां कोंबड्याही निर्दोष.

परंतु निर्दोष म्हणजे दुर्लक्ष करण्याजोग्या नव्हेत. २०१९ सालीं मेळघाटांतील एका सतरा महिन्यांच्या मुलाच्या घशांत एच९एन२ हा पक्ष्यांचा विषाणु सांपडला. असा मनुष्यरोगी भारतांत प्रथमच आढळला. मूल बरें झालें. त्याचा ताप इतर मुलांच्या तापासारखाच होता. त्या भागांत मुलांच्या श्वासरोगांचें संशोधन चालूं होतें आणि नमुने पुण्यास जात होते, म्हणूनच हें कळलें. उग्र जातीनें कोंबड्या मरतात व वर्तमानपत्रांत बातमी येते. सौम्य जाति मुकाट्यानें फिरते. म्हणून पहारा हवा तो अशा ठिकाणीं.

आपल्या घरापुरतें

‘आमच्या घरीं अंडेंही शिजत नाहीं, मग आम्हांस या पक्ष्यांशीं काय कर्तव्य?’ असें कित्येक वाचक म्हणतील. त्यांस दोन गोष्टी सांगतों. २०२४ सालीं अमेरिकेंत एच५एन१ विषाणु दुभत्या गाईंत शिरला आणि कच्च्या दुधांत मोठ्या प्रमाणावर सांपडला. तें दूध प्यालेलीं मांजरें मेलीं. दूध नीट तापविलें म्हणजे हा विषाणु टिकत नाहीं. सकाळीं दूध आलें, कीं तें प्रथम तापवावयाचें, ही आपल्या आजीपणजींची शिस्त ‘नैसर्गिक कच्च्या दुधा’च्या नव्या वेडापायीं सोडूं नये. दुसरी गोष्ट कावळ्यांची. पितृपक्षांत आपण त्यांस आदरानें बोलावतों. तें खुशाल बोलवावें, पण पान दूर ठेवावें व हात साबणानें धुवावे. अंगणांत किंवा गच्चीवर एकाहून अधिक कावळे मेलेले दिसले, तर त्यांस उघड्या हातानें शिवूं नये, मुलांस जवळ जाऊं देऊं नये, आणि नगरपालिकेस किंवा पशुसंवर्धन खात्यास कळवावें.

तरी घराला खरा धोका माणसांच्या साखळीचा आहे, आणि एकत्र कुटुंबांत ती साखळी फार आंखूड असते; शाळेंतल्या नातवापासून ऐंशीच्या आजीपर्यंत एकच पाऊल. म्हणून खालील गोष्टी आम्ही आग्रहानें सांगतों.

मुलास सर्दीखोकला असेल तर ताप नसला तरी त्यास आजीआजोबांच्या कुशींत झोपवूं नये. ताप असेल तर, औषधावांचून तो उतरून एक अहोरात्र लोटल्याखेरीज, शाळेंत पाठवूं नये. मोठ्यांसही हाच नियम. तापानें फणफणत कचेरींत जाणें ही कर्तव्यनिष्ठा नव्हे. आजाऱ्यास वेगळी खोली द्यावी. तेवढी जागा नसेल, तर निदान खिडकीजवळची जागा द्यावी व खिडकी पावसांतही थोडी उघडी ठेवावी. त्यानें व शुश्रूषा करणाऱ्यानें मुखपट्टी बांधावी. शुश्रूषेचें काम एकाच स्त्रीवर न टाकतां घरांतील धडधाकट पुरुषांनींही तें वांटून घ्यावें. १९१८ चा धडा विसरूं नये. मुलांस तापांत ॲस्पिरिन देऊं नये. श्वास लागणें, छातींत दुखणें, ओठ निळसर होणें, भ्रम होणें, मुलानें अंगावर पिणें किंवा खेळणें सोडणें, अथवा उतरलेला ताप पुन्हां चढणें, यांतील एकही चिन्ह दिसतांच घरगुती काढ्यावर न विसंबतां डॉक्टर गांठावा. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी व मधुमेही यांनीं तर ताप येतांच दाखवावें. या रोगावरचें औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास अधिक उपयोगी पडतें.

लशीविषयींही दोन शब्द. विषाणु आपलीं कांटेरी वस्त्रें सतत थोडींथोडीं बदलीत असल्यामुळें ही लस प्रतिवर्षीं घ्यावी लागते; आणि आपल्या भागांत फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यांत असल्यामुळें ती पावसाळ्यापूर्वीं घेतलेली बरी. तिनें दुखणें मुळींच येत नाहीं असें नव्हे, पण तें छातींत उतरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. बहुतेक लशींसाठीं विषाणु कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात, म्हणून कांहीं शाकाहारी घरांत संकोच वाटतो. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु औषधासाठीं व जीवरक्षणासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं नेहमींच मोकळीक ठेवलेली आहे. अंड्यांवांचून तयार केलेल्या लशीही आतां निघाल्या आहेत. त्यांविषयीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

मोरिवलीच्या भगिनींस आमचें उत्तर असें : बाईस परत बोलवावें, आणि तिच्या आजाराच्या दिवसांचे पैसेही द्यावेत. ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. ज्या बाईचा खाडा धरला जातो, ती पुढच्या खेपेस ताप लपवून कामावर येईल. आणि त्या वेळीं मात्र रोग खरोखरच तिच्या मार्फत घरांत येईल. पगारी रजा ही तिच्याइतकीच तुमच्या सासूबाईंच्या छातीची राखण आहे.

‘ए’ विषाणूचें माहेर दूरच्या तळ्यांवर आहे, आणि तें उजाड करणें कोणाच्याही हातीं नाहीं. बदकें आहेत तोंवर तो राहणारच. तिकडे लक्ष ठेवण्याचें काम प्रयोगशाळांचें व सरकारचें. पण तळ्यापासून आपल्या माजघरापर्यंतचे शेवटचे चार टप्पे, म्हणजे शाळा, गाडी, कचेरी आणि उंबरठा, हे आपल्या ताब्यांत आहेत. तेवढे राखले, तरी दर पावसाळ्यांत कितीतरी घरांतील म्हातारीं माणसें पुढचा श्रावण पाहतील.